लालबागचं नको

कौसल्या परब खोताच्या वाडीतून परत आली आणि लालबागच्या आपल्या चाळीचा जिना चढता चढताच तिने जाहीर केलं, "बाई सोन्यासारखी आहे हो! पण चहाच्या बाबतीत मात्र कंजूष."

बाई म्हणजे हेलन. साठीची, उंच, इंग्लंडहून तीन महिन्यांपूर्वी आलेली. गिरगावातल्या खोताच्या वाडीत एका लाकडी घराचा तळमजला तिने भाड्याने घेतला होता. दर गुरुवारी आणि रविवारी सकाळी तिथे आठ-दहा परदेशी पाहुणे जमायचे. एक बाई त्यांच्यासमोर उभी राहून स्वयंपाक करायची, काय घातलं, का घातलं ते इंग्रजीत सांगायची, आणि मग सगळे मिळून जेवायचे. हे करणारी आधीची बाई लेकीकडे वसईला राहायला गेली होती. हेलनला दुसरी बाई हवी होती.

आणि कौसल्येला ते काम हवं होतं. हवं होतं म्हणजे साधंसुधं नाही. गेला महिनाभर ती कुकरशी इंग्रजीत बोलत होती. "नाऊ आय पुट कोकम," असं कढईला सांगून मगच कोकम टाकत होती. शेजारच्या आनंदीबाईंना वाटलं, हिला उन्हाळा बाधला. पण कौसल्येच्या खोलीत ओटा होता भिंतीला लागून. लग्न होऊन आल्यापासून चौतीस वर्षं तिने घराकडे पाठ करून रांधलं होतं. मागून आवाज यायचे, मीठ कमी आहे, भाकरी आण, पाणी दे. आता माणसांकडे तोंड करून रांधायचं, आणि ती माणसं ऐकणार, वर विचारणार की हे असंच का. या एवढ्या गोष्टीसाठी ती वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी इंग्रजीच्या क्लासला जात होती.

क्लास मंगळवारी आणि शनिवारी, दुपारी चारला, मंडळाच्या ऑफिसात. शिकवायची संघमित्रा. नायगावच्या बीडीडी चाळीतली, सव्वीस वर्षांची, परदेशी गिऱ्हाइकांशी फोनवर बोलायची नोकरी करणारी. इंग्रजी शब्द काय, मोबाइल पण शिकवतो, असं तिचं म्हणणं. "मी तुम्हाला त्यांची रीत शिकवणार." आणि ती शिकवायचीही.

"काकू, त्यांना पगार विचारायचा नाही."

"मग ओळख कशी व्हायची?" कौसल्येने विचारलं होतं.

"वय विचारायचं नाही. लग्न का नाही केलं, मूल का नाही, विचारायचं नाही. बारीक झालात, जाड झालात, काही बोलायचं नाही."

"मग बोलायचं काय गं टीचर? मुक्याने बसायचं?"

"हवेबद्दल बोलायचं."

यावर अख्खा वर्ग हसला. मुंबईच्या हवेबद्दल बोलायचं काय? आज गरम आहे, काल गरम होतं, उद्या गरम असेल. संपली भेट. पण कौसल्या हट्टाची. तिने हवेवर पाच वाक्यं पाठ केली आणि दूधवाल्यापासून सगळ्यांवर ती वापरून पाहिली.

तर बुधवारी ती हेलनकडे गेली. ठेवणीतली जांभळी साडी, पिशवीत बांगडे, तिरफळं, घरचा मसाला. हा मसाला ताजा होता, आदल्याच दिवशी कुटून आणलेला. त्यासाठी मंगळवारचा क्लास बुडवून ती दिवसभर डंकावर मिरच्यांच्या खाटात शिंकत बसली होती. तिला वाटलं, एका क्लासने असं काय जातंय? पुढचं सगळं रामायण त्या एका क्लासने घडवलं.

हेलनने दारात हसून स्वागत केलं. कौसल्या म्हणाली, "टुडे व्हेरी हॉट."

"इट इज, इझन्ट इट?" हेलन म्हणाली, आणि खरंच इतकी खूश झाली की कौसल्येला वाटलं, काय साधी माणसं आहेत!

मग हेलनने विचारलं, "वुड यू लाइक सम टी?"

कौसल्येचा घसा बसमधल्या धुळीने कोरडा पडला होता. चहाची किटली समोर होती. ताटलीत खमंग बिस्किटं होती. तिने चटकन हात वर केला, मान हलवली आणि म्हणाली, "नो, नो, थँक्यू."

"ओके," हेलन म्हणाली आणि तिने स्वतःपुरता चहा ओतून घेतला.

कौसल्या बघतच राहिली. आता आपल्याकडे कसं असतं? पहिलं नको असतं रीतीचं. हपापल्यासारखं दिसू नये म्हणून. दुसरं नको घरच्यांना पुन्हा एकदा आग्रहाची संधी मिळावी म्हणून. आणि तिसरं नको म्हणताना आपला हात कपाच्या कानाला लागलेलाच असतो. "तुम्ही इतकं म्हणताच आहात तर अर्धा कप," असं म्हणून आपण पूर्ण कप पितो. यात खोटं कुणी बोलत नाही आणि फसतही कुणी नाही. पण इथे हेलन आपली निवांत चहा पीत होती आणि बिस्किटं कौसल्येकडे बघत होती.

पुढचं मात्र झकास झालं. भिंतीवर दोन मुलांचे फोटो होते. मुलं कुणाची, लग्नं झाली का, आईला इथे एकटं कसं पाठवलं, असे सतरा प्रश्न कौसल्येच्या जिभेवर येऊन उभे राहिले. तिने ते सगळे गिळले. बांगड्याचं तिखलं रटरटायला लागलं तशी तिची भीड मोडली. "धिस तिरफळ. नो बाइट. ओन्ली स्मेल," असं तिने हातवाऱ्यांसकट समजावलं. हेलनने कढईत नाक खुपसलं, भातावर तिखलं घेतलं, डोळ्यांतून पाणी काढलं, आणि चक्क बोटं चाटली.

मग ती म्हणाली, "कोशल्या, आय वुड लव्ह यू टू डू धिस. बोथ मॉर्निंग्ज. वुड यू?"

कौसल्येच्या छातीत ढोल वाजायला लागले. मिळालं! एवढं मोठं मिळालं की त्याला शोभेल असं नकोही मोठंच हवं. तिने दोन्ही हात वर केले. "नो, नो, मॅडम! हाऊ मी? आय स्मॉल वुमन. यू फाइंड गुड वुमन."

हेलनचा चेहरा पडला. "ओह. ऑफ कोर्स. आय अंडरस्टँड."

कौसल्या दुसऱ्यांदा विचारण्याची वाट पाहत बसली. तिने पंख्याकडे पाहिलं. कढई घासून दिली. पुन्हा पंख्याकडे पाहिलं. हवेवरचं राहिलेलं पाचवं वाक्यही म्हणून टाकलं. शेवटी हेलनने तिला फाटकापर्यंत सोडलं, दोनदा थँक्यू म्हटलं आणि दार लावून घेतलं. मोठी माणसं, दुसऱ्यांदा फोनवर विचारत असतील, अशी कौसल्येने मनाची समजूत घातली आणि ती नाचत घरी आली. संघमित्राला तिने आवाजाचा निरोप धाडला, "टीचर, एकदम मस्त झालं!"

लक्ष्मी टिळा लावायला आली की तोंड धुवायला जाऊ नये म्हणतात. कौसल्या नुसती तोंड धुवायला गेली नव्हती, अभ्यंगस्नानालाच बसली होती. पण हे तिला सांगणार कोण?

त्या रात्री जेवायला सुरमई होती. नवरा रामजी, गोदीतून रिटायर झालेला, आणि मुलगा अभय ताटावर बसले. डोकं आणि शेपूट कौसल्येच्या ताटात, ते नेहमीचंच. शेवटी तव्यावर मधला एक तुकडा राहिला. रामजीने विचारलं, "तुका होयो काय गो?"

"नको, तुमी खावा."

रामजीने खाल्ला. तो रोज विचारायचा, ती रोज नको म्हणायची. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

गुरुवारी फोन आला नाही. शुक्रवारी आला नाही. फोन कधी ओट्यावर, कधी उशाशी, कधी पदराच्या गाठीशी. एकदा वाजला तर कर्ज घेता का विचारणारा पोरगा. कौसल्येने त्याला इतकं गोड इंग्रजीत "नो, थँक्यू" म्हटलं की तो गडबडला.

शनिवारी क्लासला गेल्या गेल्या संघमित्राने विचारलं, "काय काकू, कधीपासून जायचं?"

"अजून विचारायची आहे ना ती."

"म्हणजे? बुधवारी विचारलं नाही?"

"विचारलं ना. एकदा."

"मग?"

"मग मी नो म्हटलं. पहिलं."

संघमित्राने कपाळावर हात मारला तो आवाज मंडळाच्या ऑफिसाबाहेर गेला असेल. "काकू! पहिलं काय? त्यांच्यात पहिलं, दुसरं, तिसरं नसतं! नो म्हटलं की नो. परत विचारलं तर तो तुमचा अपमान, असं त्यांना वाटतं. मंगळवारी पूर्ण तास मी हेच शिकवलं!"

"मंगळवारी मी डंकावर होते," कौसल्या म्हणाली आणि मटकन खुर्चीवर बसली.

तिला सगळं एकदम दिसलं. तो चहा. ती बिस्किटं. हेलनचा पडलेला चेहरा. बाई कंजूष नव्हती, बाईने तिच्या शब्दाला मान दिला होता. दैव देतं आणि कर्म नेतं, आणि कर्म तर तिने स्वतःच्या दोन हातांनी केलं होतं. कौसल्येला रडू फुटणार तेवढ्यात संघमित्राने मोबाइल काढला. तिची मैत्रीण दीपिका हेलनकडची बुकिंग सांभाळायची. दीपिकाने पलीकडून सांगितलं की आज पाच वाजता गिरगावातली एक बाई येते आहे, बहुतेक तिलाच घेणार, कारण उद्याच रविवार.

"हेलनला फोन करा, काकू. आत्ता."

"फोनवर नाही जमायचं. माझं अर्धं इंग्रजी हातांत आहे!"

यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. सव्वाचार झाले होते. संघमित्राने वर्गाला सुट्टी दिली, कौसल्येचा दंड धरला आणि रस्त्यावर येऊन एक काळी-पिवळी अडवली.

"म्हणा, येस."

"येस."

"येस प्लीज."

"येस प्लीज."

"आता मी हेलन. कोशल्या, वुड यू लाइक टू डू इट?"

कौसल्येचा हात आपोआप वर गेला. "नो, नो..."

"काकू!"

"अगं, हात ऐकत नाही माझा! जन्माची सवय आहे त्याला."

"मग मी धरते हात." संघमित्राने तिचा उजवा हात मांडीवर दाबून धरला. टॅक्सी भायखळ्याच्या सिग्नलला उभी राहिली. "वुड यू लाइक इट?" डावा हात वर गेला. संघमित्राने तोही पकडला. टॅक्सीवाला आरशातून हे सगळं बघत होता. त्याला वाटलं, पोरगी आईला कुठेतरी जबरदस्तीने नेते आहे.

"माँजी, कोई परेशानी है क्या?"

"नो! नाही! येस! म्हणजे येस बोलने की परेशानी है!"

"येस ही बोलना है ना? बोल डालो. शादी में हम भी तो बोले थे," टॅक्सीवाला म्हणाला, आणि मग तोही प्रत्येक सिग्नलला मागे वळून विचारायला लागला, "माँजी, चाय?" "येस प्लीज!" "माँजी, पान?" "येस प्लीज!" "माँजी, गाडी आप चलाओगे?" "येस प्लीज!" बाजूच्या बसमधली माणसं वाकून बघत होती. संघमित्रा हसून हसून सीटवरून घसरली होती. घाबरून जीव गोळा झालेला असतानाही कौसल्येला स्वतःचंच इतकं हसू येत होतं की तिला वाटलं, आपण बहुतेक चळलोच आहोत. गिरगाव येईपर्यंत तिने चहा, पान, कुल्फी, टॅक्सी आणि टॅक्सीवाल्याचं जौनपूरचं घर, एवढ्या सगळ्याला हो म्हटलं होतं.

पाच वाजून दहा मिनिटांनी त्या दोघी खोताच्या वाडीत धावत शिरल्या. हेलन व्हरांड्यात बसली होती. समोर पन्नाशीची एक नीटनेटकी बाई होती. केसांत अबोलीचा गजरा, मांडीवर स्टीलचा डबा. या सुचित्राबाई. टेबलावर अळूवड्यांची अर्धी संपलेली ताटली होती आणि चहाचा कप फक्त एक होता, हेलनच्या हातात.

"सो, वुड यू लाइक टू डू इट?" हेलन विचारत होती.

सुचित्राबाईंचा हात वर गेला. मान हलली. "नो, नो, मॅडम! मी? आय नो नथिंग."

फाटकापाशी उभ्या कौसल्येला आरशात पाहिल्यासारखं झालं. तोच हात, तीच मान. आणि हेलनने तोच सुस्कारा सोडला. "ऑफ कोर्स. आय अंडरस्टँड." या शहरातल्या बायका एवढ्या कौतुकाने रांधून खायला घालतात आणि मग पळून का जातात, हे बिचारीला कळेनासं झालं होतं.

"मॅडम!" कौसल्या फाटकातूनच ओरडली. दोन्ही हात तिने पदरात गुंडाळून टाकले होते. "येस! येस प्लीज! आय वुड लव्ह!"

हेलनचा कप हिंदकळला. "कोशल्या? बट यू सेड नो."

"दॅट नो, नॉट नो! दॅट लालबाग नो! फर्स्ट नो!" कौसल्येने पदरातून हात सोडवले, कारण पुढचं हातांशिवाय सांगणं शक्य नव्हतं. तिने तीन बोटं दाखवली. "टोटल थ्री नो. देन येस. यू आस्क ओन्ली वन!"

हेलनने त्या तीन बोटांकडे पाहिलं. मग तिच्या डोक्यात काहीतरी पेटलं. "द टी," ती म्हणाली. "ओ माय गॉड. द टी!" आणि ती इतकी हसली की खुर्ची करकरली. उठून तिने कौसल्येचे दोन्ही हात धरले. काम तुझं, दोन्ही सकाळी तुझ्या, उद्यापासून ये, असं ती म्हणाली, आणि ते समजायला कौसल्येला संघमित्राची गरज लागली नाही.

मिळालं! या वेळी खरोखर मिळालं. कौसल्येला त्या वाडीत फुगडी घालावीशी वाटली.

मागे सुचित्राबाई उठल्या होत्या. चेहरा हसरा ठेवून त्या डब्याचं झाकण लावत होत्या. झाकण नीट बसत नव्हतं. साडीची घडी ताजी मोडलेली होती. कौसल्येच्या लक्षात आलं की ही बाईही दुसऱ्यांदा विचारण्याचीच वाट बघत होती. आता ही घरी जाईल, जिन्यातच सांगेल, बाई चांगली आहे पण चहाला कंजूष. फोन ओट्यावर ठेवेल. गप्प राहिलं तर कुणालाच काही कळणार नव्हतं. संघमित्रा कानात म्हणाली, "काकू, चला आता. सुटलात."

कौसल्या हलली नाही. तिचं मन दोन पावलं घराकडे गेलं आणि परत आलं.

"मॅडम," ती म्हणाली, "यू आस्क हर अगेन."

"बट आय हॅव जस्ट गिव्हन इट टू यू."

"आय नो. आस्क. टू टाइम मोअर."

हेलनने एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग समोर जाऊन तिने शाळेतल्या मुलीसारखं विचारलं, "सुचित्रा, वुड यू लाइक टू?"

"छे छे, नो, नो, धिस लेडी इज देअर..." सुचित्राबाई म्हणाल्या, पण डबा त्यांनी खाली ठेवला.

"प्लीज, सुचित्रा?"

सुचित्राबाईंनी गजरा चाचपला. "यू आर सेइंग सो मच, सो..." आणि त्या एकदम लहान मुलीसारख्या लाजल्या. मग कौसल्येकडे वळून हळूच म्हणाल्या, "तुम्हाला कसं कळलं हो?"

"माझा पण एक चहा बुडालाय इथे," कौसल्या म्हणाली.

असं ठरलं की गुरुवार सुचित्राबाईंचा, रविवार कौसल्येचा. मिळाल्यापासून पाच मिनिटांच्या आत कौसल्येने अर्धं काम हाताने देऊन टाकलं होतं. संघमित्राने तिला चिमटा काढला. "गुरुवारी मी तशीही मासे करत नाही," कौसल्या म्हणाली. पण तिला आतून हलकं वाटत होतं, आणि ते तिने लपवलं नाही.

मग हेलनने नवी किटली आणली. सुचित्राबाईंना तिने मोजून तीनदा विचारलं. कौसल्येकडे वळली तेव्हा कौसल्येचा हात उठायला लागला होता. तिने तो अर्ध्या वाटेवर पकडला.

"येस प्लीज," ती म्हणाली. "अँड टू बिस्किट ऑल्सो."

त्या रात्री पुन्हा सुरमईच होती. उद्याच्या रविवारसाठी आणली त्यातलीच थोडी. अभयला आणि रामजीला तिने सगळी हकिगत हातवाऱ्यांसकट सांगितली, आणि दोघं जेवणं थांबवून ऐकत होते, मधेच पोट धरून हसत होते. असं त्या घरात बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं. शेवटी तव्यावर एक तुकडा उरला.

"तुका होयो काय गो?" रामजीने विचारलं. त्याचा हात निम्म्या वाटेवर गेलाही होता, कारण उत्तर ठरलेलं होतं.

"होयो," कौसल्या म्हणाली.

रामजीचा हात तिथेच थांबला. अभयने मोबाइलमधून मान वर काढली. रामजीने तुकडा उचलला आणि तिच्या ताटात ठेवला.

"चौतीस वर्सां कित्याक नाय बोललंस?"

"तुमी दुसऱ्यांदा इचारलातच नाय."

ती रागाने म्हणाली नव्हती. त्याने विचारलं होतं, तिने नको म्हटलं होतं, आणि त्याने तिच्या शब्दाला मान दिला होता. घरात सगळे साहेबाच्या रीतीने वागत होते, फक्त हिला लालबागची रीत अपेक्षित होती. रामजी मान खाली घालून पुटपुटला, "परत आणूची असात तर मोठी सुरमई आणतंय," आणि उठून स्वतःच्या हाताने तिला पाण्याचा तांब्या आणून दिला.

कौसल्या ओट्याला पाठ लावून, दोघांकडे तोंड करून जेवत होती. तिने तो तुकडा सावकाश खाल्ला. डोकं आणि शेपूट खाण्यात तिची हयात गेली होती. मधल्या तुकड्याला काटे किती कमी असतात, हे तिला आज कळलं.